मळवलेलं क्वार्टर

साहेब इन्स्पेक्शनला येणार अशी नुसती कुणकुण लागली की माळसावंगी स्टेशन पांढरं व्हायचं. फलाटाच्या कडेला चुना, रुळालगतच्या दगडांना चुना, लिंबाच्या बुंध्याला खाली गेरू आणि वर चुना. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पाईंटमन मकबूलच्या हातात कुंचा असायचा आणि मागं बादली धरायला त्याचं पोरगं, अफरोज. एखादी म्हैस तासभर जागची हलली नसती तर तिचेही पाय पांढरे झाले असते. मग साहेब यायचा, डब्याच्या दारातूनच बघायचा, मान हलवायचा आणि निघून जायचा. पुढं धुरानं, पावसानं आणि माणसांच्या पाठी टेकून टेकून सगळं पुन्हा होतं तसं व्हायचं. तेव्हा कुठं मकबूलची बायको हाजराबी म्हणायची, "आता कसं आपलं वाटून राहिलं."

हाजराबी कुरुंद्याची. हळदीच्या रानात वाढलेली, त्यामुळं घरात सगळे दखनी बोलले तरी तिच्या तोंडी मराठीच असायची. लग्न होऊन ती जी रेल्वेच्या क्वार्टरात शिरली ती म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिली. एक खोली, एक स्वयंपाकघर, कवेलूची ओसरी आणि मागं कोंबड्यांचा खुराडा. एवढंच ते राज्य, पण त्यात तिच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती.

अफरोज मोठा होऊन सौदीला एसी दुरुस्तीच्या कामाला गेला आणि पहिल्या सुट्टीत बापासाठी एक खोकं घेऊन आला. लोक घड्याळं आणतात, ब्लँकेटं आणतात. यानं प्लास्टिकचं घर आणलं, तेही सुटं. बोटभर भिंती, नखाएवढ्या खिडक्या, कवेलूच्या रेषा कोरलेलं छप्पर. कापायचं, घासायचं, चिकटवायचं आणि छोट्या आगगाडीच्या कडेला मांडायचं. अफरोज त्याला किट म्हणायचा. "अब्बा, तिकडं गोरे म्हातारे हेच करून राहतात दिवसभर," तो म्हणाला. मकबूल काही म्हातारा झाला नव्हता. पण नव्वदच्या त्या सालांत छोट्या लाईनीवर गाड्याच इतक्या कमी की दोन गाड्यांच्या मधल्या वेळात अख्खं गाव बांधून झालं असतं. पोरगा दर सुट्टीत एक खोकं आणत गेला आणि मकबूलनं ते गाव खरोखरच बांधलं.

घर जोडून झालं की खोटं दिसायचं, हे त्याच्या पहिल्याच किटात ध्यानात आलं. कोरं, चकचकीत, जणू आत कोणी कधी शिंकलंही नाही. मग त्यानं ते मळवायला घेतलं. काळा रंग पाण्यासारखा पातळ करून भिंतीवर सोडायचा आणि लगेच चिंधीनं पुसायचा, म्हणजे विटांच्या रेषांतच मळ राहतो. लोखंडाच्या किसाला मीठपाणी लावून गंज चढवायचा आणि ती पूड पन्हाळीखाली चोळायची. उरलेल्या चहाचे डाग, कंदिलाची काजळी. झाडाचा पाला म्हणून वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरव्या रंगात बुडवून. हाजराबी पदर तोंडाला लावून हसायची. "लोकं घर धुतेत, अन हा माणूस मळवून राहिला. कुठून गाठ पडली माझी."

पुढं छोटी लाईन उखडून मोठी टाकायचं काम निघालं. त्याच सुमाराला मकबूल रिटायर झाला. क्वार्टर सोडावं लागलं आणि अफरोजनं कळमनुरीत बांधलेल्या नव्या घरात दोघं राहायला आली. स्लॅबचं घर, पाय घसरेल अशी फरशी, भिंतींना गुलाबी डिस्टेंपर. सोडलेल्या क्वार्टरवर मशीन फिरलं. लिंबही गेला. मकबूलला वाईट वाटलं, पण बाईमाणूस लवकर रुळतं अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पुरुषमाणसाला अशा समजुती फार लवकर सापडतात.

हाजराबी रुळली नाही. आधी ती भांडी कुठं ठेवली ते विसरायला लागली, मग शेजारणींची नावं, मग हे घर आपलं आहे हेच. ऊन कललं की दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून ती दारात उभी राहायची. "अहो, चला की घरी. कोंबड्या कोंडायच्यात." नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, याला औषध नाही, बाईवर लक्ष ठेवा. मकबूल डोळ्यात तेल घालून बसायचा. तरी एकदा त्याचा डोळा लागला आणि ती कोणत्या तरी जीपमध्ये बसून निघून गेली. वारंगा फाट्यावर ट्रकांच्या मधून कोंबड्यांना हाका मारत फिरणाऱ्या तिला एका हॉटेलवाल्यानं हाताला धरून बसवलं, म्हणून ती परत मिळाली.

फोनवर अफरोज रडला आणि मग म्हणाला, "अब्बा, आतून कुलूप लावत जा."

मकबूलनं कुलूप आणलं. ज्या बाईच्या क्वार्टराला जन्मात कडी लागली नाही, तिच्या समोर त्यानं ते लावलं. ती दार ओढत राहिली. मग दमून खाली बसली आणि म्हणाली, "मी काय चोरी केली का हो?"

दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटावरचं न उघडलेलं शेवटचं किट खाली काढलं. खोक्यावर बर्फातलं कुठलं तरी परदेशी घर होतं. धुराडं कापून टाकलं, छप्पर बसकं केलं, पुढं ओसरी काढली, मागं आगपेटीच्या पुठ्ठ्याचा खुराडा. माळसावंगीचं क्वार्टर उभं राहिलं. त्यानं ते हाजराबीसमोर ठेवलं. तिनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये काम केलेला थावरा कधीमधी तांड्यावरून भेटायला यायचा. तो घराला उलटसुलट करून म्हणाला, "मकबूलभाई, हे बराबर हाय, पण हे साहेब येऊन गेल्याच्या दिवशीचं हाय. वहिनी त्या दिवशी तरी कुठं खूश असायच्या?"

मकबूलला ते पटलं. थावरा माळसावंगीला जाऊन मातीच्या ढिगाऱ्यातून दोन विटा आणि एक फुटकं कवेलू घेऊन आला. बरं झालं लगेच गेला, कारण नंतर तिथं नव्या फलाटाचा मुरूम पडला. मकबूलनं त्या विटा खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ पूड केली आणि तिचे थर भिंतींवर चढवले. तेच कवेलू घासून छपरावर. ओसरीच्या खांबाला माणसांच्या पाठींचा तेलकट पट्टा. न्हाणीच्या बाजूला ओल. रोज थोडं मळवायचं आणि तिच्यापुढं ठेवायचं.

हाजराबी हळूहळू जवळ यायला लागली. आधी लांबून बघायची, मग शेजारी बसायची. एका दुपारी तिनं घर मांडीवर घेतलं, चुलीच्या खिडकीवर बोट ठेवलं आणि चिडून म्हणाली, "हितं काळं न्हाई."

"कुठं, हाजरा?"

"हितं! खिडकीतून धूर निघून निघून काळं झालेलं. तुमी काहून पुसलं?" तिनं बाजूच्या वाटीतल्या काजळीत बोट बुडवलं आणि खिडकीच्या वर एक फराटा ओढला, वाकडा, वर जाऊन पसरलेला. मकबूलनं शंभर वेळा ब्रश फिरवला असता तरी तो तसा आला नसता. मग तिनं घर नीट खाली ठेवलं आणि पदराला बोट पुसलं. "आता चहा टाकते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं गाठोडं बांधलं नाही. घराशेजारी बसून पुठ्ठ्याच्या खुराड्याचं दार बोटानं लावलं आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मकबूलचा जीव भांड्यात पडला. त्यानं कुलूप काढून किल्लीसकट कपाटावर फेकलं आणि दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसून विडी ओढली. तिला नवरा कधी ओळखू यायचा, कधी यायचा नाही, पण घर रोज ओळखू यायचं. मकबूलला तेवढं पुष्कळ होतं.

रमजानात अफरोज आला, बायको शाहिस्ताला घेऊन. ईदला पाहुणे येणार, म्हणून आल्या आल्या त्यानं घर रंगवायला काढलं. पोरगं मनानं वाईट नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. वाईट असतं तर मकबूलला शिव्या तरी देता आल्या असत्या. "रंगाच्या वासानं अम्मीला तकलीफ होईल," असं म्हणून त्यानंच जीप ठरवून दोघांना हाजराबीच्या भावाकडं कुरुंद्याला पाठवलं. जाताना मकबूलला क्वार्टर बरोबर घ्यायचं होतं, पण खड्ड्यांच्या रस्त्यात त्याचे खांब मोडतील म्हणून त्यानं ते कपाटात ठेवलं. कुरुंद्यात हाजराबी दोन्ही संध्याकाळी भावाच्या दारात उभी राहिली. मकबूल तिला म्हणत राहिला, "उद्या जायचंच आहे की घरी."

ईदच्या आदल्या दिवशी ती दोघं परत आली. नवं घर चकाकत होतं. अफरोजनं दोघांना मधल्या खोलीत नेलं, आईला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "अम्मी, डोळे मीट. आता उघड."

टेबलावर क्वार्टर होतं. भिंती बदामी ऑइलपेंटच्या, छप्पर लालभडक, खिडक्या हिरव्या. दोन दिवस बसून, एकेका खिडकीला कागदाची पट्टी लावून अफरोजनं ते स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. कुठं एक ओघळ नव्हता. दारावर बारीक ब्रशनं लिहिलं होतं, हाजरा मंझिल.

मकबूलनं चुलीच्या खिडकीवर तो काळा फराटा शोधला.

"पार काळवंडलं होतं, अब्बा," अफरोज म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हटलं ईदच्या आधी त्यालाबी रंग लावावा. तुमीच शिकवलं की. साहेब येणार म्हटलं की बादली मीच धरायचो."

दगडांना चुना फासण्यात ज्यानं आयुष्य घातलं, त्यानं पोराला वेगळं काय शिकवलं होतं? मकबूलनं मान हलवली, साहेब हलवायचे तशी.

हाजराबीनं घराकडं बघितलं, मग अफरोजकडं. "छान आहे," ती परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाली. "कोणाचं आहे?" आणि उठून गाठोडं बांधायला गेली.

ईद झाली. शीरखुर्मा झाला, पाहुण्यांनी हाजरा मंझिलचं तोंडभरून कौतुक केलं. अफरोज रजा संपवून परत गेला आणि त्याच दुपारी मकबूल रॉकेलचा बोळा घेऊन बसला. ऑइलपेंट निघाला, पण त्याच्याबरोबर खालची विटेची पूड, कवेलू, ओल आणि तो वाकडा फराटा असं सगळंच निघून आलं. हातात उरलं ते खोक्यातून निघालेलं राखाडी परदेशी प्लास्टिक. माळसावंगीची वीट आता मुरुमाखाली होती. त्यानं बाजारातली वीट कुटली. रंग जुळला नाही, तरी चढवला. चहा, काजळी, गंज, सगळं पुन्हा.

तो वळला की हाजराबी ओल्या फडक्यानं ते पुसून टाकायची.

पहिल्यांदा त्याला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यांदा त्यानं तिला धरलं. "हाजरा, काहून पुसून राहिली? तुझंच घर आहे ते."

"माझं कुठलं?" ती घाबरून म्हणाली आणि आवाज बारीक केला. "नव्या साहेबाचं आहे. सगळं रंगवलेलं होतं, मी बघितलं. तुमी मळवू नका हो. इन्स्पेक्शन आहे. माझ्या मालकाची नोकरी जाईल."

मकबूलनं काजळीची वाटी तिच्यापुढं धरली, तिचं बोट हातात घेऊन खिडकीवर नेलं. तिनं हिसडा देऊन हात सोडवला आणि बोट स्वच्छ होईपर्यंत पदराला घासत राहिली. तो पुढंही मळवत राहिला आणि ती पुसत राहिली. शेवटी विटांच्या रेषासुद्धा गुळगुळीत झाल्या, तेव्हा मकबूलनं हात टेकले. क्वार्टर कपाटात ठेवलं आणि कपाटावर फेकलेलं कुलूप खाली काढलं.

जुम्म्याला अफरोजचा फोन आला. सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर तो म्हणाला, "अन अब्बा, अम्मीचं छोटं घर? रंग टिकला ना?"

दाराशी हाजराबी गाठोडं घेऊन उभी होती आणि कडी ओढून ओढून पाहत होती.

"टिकला की," मकबूल म्हणाला. "लई झाक दिसून राहिलं बाबा. कोणी राहतंय असं वाटतच न्हाई."

अफरोज खूश होऊन हसला. पुढच्या खेपेला अजून एक किट आणतो म्हणाला. मकबूलनं फोन ठेवला आणि सदऱ्याच्या खिशात किल्ली आहे ना, ते चाचपून पाहिलं.