तिसरी खाच

चापाशी माझी गल्लत करू नका. मी खटका बोलतोय. रायफलीच्या बाजूला, अंगठ्याखाली असतो तो. मला तीन खाचा. पहिलीत रायफल झोपलेली. दुसरीत चाप ओढला की एकच गोळी. तिसरीत चाप दाबून धरला की सरबत्ती.

कारखान्यात मला घासणाऱ्या कारागिराने ती तिसरी खाच पाहून शीळ घातली होती. तेव्हापासून तीच माझी मिजास.

सैन्यात ती एकदाच कामी आली. पुलावर एक जवान जखमी होऊन पडला होता. माझ्या मालकाने मला तिसऱ्या खाचेत ढकललं. तीन सेकंदांत तीस गोळ्या गेल्या. एकही कुणाला लागली नाही, पण समोरची डोकी खाली गेली आणि तेवढ्यात दोघांनी जखमीला ओढून आणलं. त्या तीन सेकंदांचा मला आजही अभिमान आहे.

पुढे रायफल पोलिसांकडे आली आणि मला उस्तादबाई भेटल्या. त्या नव्या शिपायांना नेमबाजी शिकवायच्या. लक्ष्याच्या मागे दोरी बांधून जुने कपडे टांगायच्या: सदरा, चादर, लहान मुलीचा फ्रॉक.

लंबू म्हणून ओळखला जाणारा एक शिपाई पहिल्याच दिवशी मला थेट तिसऱ्या खाचेत घेऊन गेला. पहिली गोळी लक्ष्यात बसली. मग नळी वर वर चढत गेली.

उस्तादबाईंनी दोरीकडे पाहिलं. "वा रे बहाद्दर. चोराला एक दिलीस, बाकीच्या शेजारपाजारी वाटल्यास."

"बाई, रायफल उडते हो."

"रायफल नाही, तुझी अक्कल उडते." त्यांनी सुई-दोरा पुढे केला. "भोक तुझं, टाका तुझा."

फ्रॉकला सात भोकं होती. लंबू दुपारभर शिवत बसला. बाकीचे त्याला 'शिंपीदादा' म्हणून चिडवत होते. बंदुकीने धाक घालणारे मी पुष्कळ पाहिले होते. सुईने शिकवणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

वर्षभराने बसस्थानकात एका लुटारूने तिकीटघराच्या कोपऱ्याआडून गोळीबार सुरू केला. त्याच्या मागे, बाकांखाली प्रवासी दडले होते. लंबू खांबाआड होता.

"अरे, सलग सोड," जोडीदार ओरडला. "भाजून काढ त्याला."

लंबूचा अंगठा मला रेटत तिसऱ्या खाचेच्या तोंडाशी आला. खरं सांगतो, मलाही मोह झाला.

"मागे कपडे आहेत," तो पुटपुटला आणि मला दुसऱ्या खाचेत परत आणलं. त्याने वाट पाहिली. लुटारूने खांदा बाहेर काढला. एक गोळी. पिस्तूल फरशीवर पडलं.

बाकांखालून एकेक करत अकरा माणसं उठली. मी मोजली.

उस्तादबाई निवृत्त झाल्या. जाण्याआधी वरिष्ठांशी भांडून त्यांनी शहरातल्या पोलिसांच्या रायफलींची तिसरी खाच बंद करून घेतली. माझ्याही खाचेत खीळ बसली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पुलावरच्या जवानाला ती खाच जरूर ठेवा. पण जिथे मागे माणसं राहतात, तिथे माझ्या दोन खाचा पुष्कळ झाल्या.

आता शिकवायला लंबू उभा असतो. परवा एका नव्या शिपाई मुलीने मला पुढे रेटून पाहिलं.

"उस्ताद, हा खटका इथून पुढे जात नाही."

लंबूने दोरीवरच्या वेड्यावाकड्या सात टाक्यांकडे बोट केलं.

"जायचा," तो म्हणाला. "त्या फ्रॉकपर्यंत जायचा."