बिनप्लंबरचा फिल्टर

"प्लंबर लागणार नाही, असा दाखवा," मी म्हणालो.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "अहो, पाणीवाले काका! तुम्ही आणि फिल्टर? म्हणजे डॉक्टरच मांत्रिकाकडे निघाला की!"

"बहिणीकडे पाठवायचाय, परगावी," मी थाप मारली. एकतीस वर्षं मी जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर आहे. भर दुकानात खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. सवय झाली होती.

त्याने तीन फिल्टर मांडले. एक नळाच्या तोंडावर बसणारा. सोपा, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारा. दुसरा भिंतीवरचा, त्याला ड्रिल, वीज, कंपनीचा माणूस. तिसरा सिंकखालच्या कपाटात मावणारा, पाणी त्याच जुन्या नळातून देणारा.

"हाच घ्या. नळ्या नुसत्या दाबायच्या, टक् झालं की बसल्या. तरी माणूस पाठवतो की बहिणीकडे. बसवणं फुकट आहे."

"नको!" मी असा ओरडलो की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

मला लपवायचं होतं. काय लपवायचं होतं, तेही सांगून टाकतो. केंद्रावरचा क्लोरीनचा पंप दोन महिने बंद आहे. हाताने टाकायची पावडरही संपली. साहेबांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "निवृत्तीला पाच महिने राहिलेत ना? मग रजिस्टर तेवढं नीट ठेवा." मी नीट ठेवतो. रोज सकाळी 'क्लोरीन: ठीक' लिहितो आणि खाली सही ठोकतो. साहेबाला मनात लाख शिव्या घालतो, पण सही माझ्याच हाताची असते. आणि गाव ते पाणी पितं.

घरात सुनेला सातवा महिना. आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, डॉक्टरीणबाई फिल्टर घ्या म्हणतात. पण पाण्यातलं तुम्हाला कळतं. तुम्ही म्हणाल तर नळाचंच पिते."

म्हणून आज सकाळीच मी पिशवी उचलून दुकान गाठलं होतं.

दुपारी ओट्याखाली आडवा झालो. कॉक बंद केला, पाना फिरवला, टेप गुंडाळली, नळ्या दाबल्या. अर्ध्या तासात काम उरकलं. कपाटाचं दार लावलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. सुनेने पाणी पिऊन बघितलं. "बाबा, गोड लागतंय हो!"

मला ते शिवीसारखं झोंबलं.

एवढ्यात शेजारीण आली. "काका घरी आहेत का? बरं झालं. पोरीचे जुलाब परवापासून थांबेनात. सासूबाई म्हणतात पाणी उकळ. मी म्हटलं, आपले काका बसलेत तिथं, पाण्याला काय धाड भरलीय!"

सुनेने तिला पेला भरून दिला. घोट घेऊन ती थबकली. "अगं, हे वेगळंच लागतंय. एकाच टाकीचं ना हो, काका?"

"एकाच टाकीचं," मी म्हणालो.

सून माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात कपाटाच्या दाराखालून ओघळ आला आणि फरशीवरून थेट शेजारणीच्या पायाशी गेला. एक नळी पुरती बसली नव्हती. टक् व्हायची वाट बघायलाही मी थांबलो नव्हतो. चोराची घाई, दुसरं काय.

"अगंबाई, गळतंय!" ती वाकली. मी "राहू दे, राहू दे" म्हणेपर्यंत तिने दार उघडलंसुद्धा.

आत नवाकोरा फिल्टर. वरचं प्लास्टिकही मी काढलं नव्हतं.

ती भांडेल असं वाटलं. भांडायलाच हवं होतं. ती हळूच म्हणाली, "उकळू का मग पाणी?"

"उकळ."

दोन महिन्यांपूर्वी गावाला सांगायचा होता तो हा एवढाच शब्द.

तिने पेला ओट्यावर ठेवला. रोज "येते हं, काका" म्हणून जायची. आज नुसतीच गेली.

मी नळी दाबली. टक् झालं. गळती थांबली.

पेला संध्याकाळपर्यंत तिथेच होता, अर्धा भरलेला. सुनेने तो उचलला नाही. मीही नाही.