डिंडोलीच्या त्या घरातली खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझा एक पाय वाकला आहे, पट्ट्या गंजल्या आहेत. सुरतेत डिंडोलीच्या एका भिंतीला टेकून मी उभी असते. लोक माझ्यावर गोधड्या वाळत घालतात. पण मित्रांनो, माझ्यावर माणसं नव्यानं जगायला शिकली आहेत.

१९९३ साली भेस्तानच्या एका वेल्डरनं मला घडवलं. हिरवा रंग दिला. उषाबाईंनी माझ्यासारख्या चार खाटा घेतल्या. उषाबाई एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया, मूळच्या खानदेशच्या. दारू सोडू पाहणाऱ्या, पण घरच्यांनी हाकललेल्या बायांसाठी त्यांनी दोन खोल्यांचं भाड्याचं घर मांडलं होतं. गुजरातेत दारूबंदी होती, तरी प्लास्टिकच्या पिशवीतली दारू गल्लोगल्ली मिळायची.

१९९६ च्या उन्हाळ्यात अनुसया आली. मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर बांधकामावर आलेली बाई. नवरा परांचीवरून पडून गेला. विटा वाहून तिचं अंग मोडायचं, तेव्हा मुकादमानंच पहिली पिशवी हातात दिली, "घे, अंगदुखी जाईल." पुढं ती पिशवीशिवाय उभीही राहीना. दिरानं, पांडुरंगानं, तिची सात वर्षांची ज्योती आपल्या घरी नेली.

पहिले चार दिवस अनुसया माझ्यावर थरथरत होती. "बाई, एक घोट द्या हो, जीव चाललाय माझा!" ती ओरडायची. उषाबाई तिचे हात माझ्या दांडीवर ठेवायच्या. "धर माय, घट्ट धर. मी आठेच शे." म्हणजे मी इथंच आहे. तिची पकड मला अजून आठवते. पाचव्या दिवशी ती भाकरी खाऊन झोपली.

मग ती साड्यांचे धागे कापायचं काम आणू लागली. पांडुरंग ज्योतीला भेटीला आणायचा. तो म्हणाला, "वहिनी, वरीसभर अशाच राहून दाखवा. मग लेक तुमच्या हवाली." ज्योती माझ्यावर बसून पाय हलवायची आणि आई तिची वेणी घालायची. मला किती अभिमान वाटायचा!

शेजारी राघो राहायचा. तो कापडाच्या लूमवरून, म्हणजे मागावरून, रोज पिऊन यायचा. गल्ली म्हणायची, "दमतो बिचारा." अनुसयेनं अकरा महिने थेंब घेतला नव्हता, तरी गल्लीसाठी ती दारुडीच. राघोनंच सह्या गोळा केल्या. "आमच्या पोरीबाळींच्या शेजारी असल्या बाया नकोत." घरमालक घाबरला. वर्ष पुरं व्हायला आठ दिवस असताना आम्हाला बाहेर काढलं. ओढाताणीत माझा पाय वाकला. बाकीच्या खाटा भंगारात गेल्या, मी गल्लीतच भिंतीला टेकून राहिले. उषाबाई दुसरं घर शोधत फिरू लागल्या, बाया पांगल्या.

पांडुरंग तेव्हा ज्योतीला घेऊन गावी लग्नाला गेला होता. त्याच्या घराला कुलूप. म्हणून अनुसया राघोच्या दारात आली आणि हात जोडून म्हणाली, "दादा, माझा दीर रविवारी हितं येईल. त्याला एवढंच सांगा, मी भेस्तानच्या साईटवर हाय, नव्या शाळेच्या कामावर."

"बरं," राघो म्हणाला.

रविवारी पांडुरंग आला. ज्योतीच्या अंगात नवा फ्रॉक होता आणि हातात कपड्यांची पिशवी. घराला दुसरंच कुलूप. त्यानं राघोला विचारलं.

"त्या दारुड्या बाया? पळाल्या कुठंतरी," राघो म्हणाला.

पांडुरंगानं पोरीचा हात धरला. "बघ, अशी तुझी आई." ज्योती मागं वळून वळून माझ्याकडं बघत होती. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. ज्याला तोंड होतं, त्यानं एक वाक्य सांगितलं नाही.

संध्याकाळी कामावरून अनुसया धावत आली. "कुणी आलं होतं खरं," राघो तंबाखू मळत म्हणाला. ती तशीच पर्वत पाटियाला, पांडुरंगाच्या घरी धावली. त्यानं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ज्योतीला गावी धाडलं. हे सगळं उषाबाईंनी आठवड्यानं माझ्यावर बसून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. कुणी मान वर केली नाही.

महिन्याभरात अनुसया पुन्हा पिऊ लागली. राघो सगळ्यांना सांगत सुटला, "बघा, मी म्हणत होतो ना?"

मित्रांनो, मला रंग द्या, नका देऊ. लोखंड गंजलं तर घासता येतं. पण कुणी धडपडत उठत असेल, तर त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढू नका. आणि कुणी निरोप सोपवला, तर तो तेवढा पोचवा.