मूकपटातलं वाक्य

"ही बाई सारखी माझ्या तोंडाकडं का बघतेय?" मावशीनं मला विचारलं, तेही पाहुणीच्या देखत.

"त्यांना ऐकू येत नाही, मावशी. ओठ वाचतात त्या."

"म्हणजे आत्ताचंही कळलं?"

पाहुणी हसली. मूकबधिरांच्या शाळेत ती शिक्षिका होती. मावशीचा संशय मात्र तसूभरही हलला नाही. मी साधा केर काढायला वाकले तरी ती "काय शोधतेस?" म्हणायची. एकेकाळी ती चौदा मूकपटांची नायिका होती. मग बोलपट आले, तिचा घोगरा आवाज कुणाला चालेना, आणि त्याच सिनेमा कंपनीत ती वीस वर्षं दुसऱ्या नायिकांचे कपडे शिवत बसली. माणसांवरचा विश्वास तिथंच उडाला असणार, असं मी धरून चालले होते.

पाहुणीनं काहीतरी लिहून वही पुढं केली. मावशीला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. "तुमचा एक चित्रपट आम्ही शाळेत दाखवला. राजा तुम्हाला देहदंड सुनावतो, तेव्हा मुलं खो खो हसली. राजा म्हणत होता, आटपा लवकर, मुकुट टोचतोय."

मावशीला खुदकन हसू आलं. "टोचायचाच मेल्याला! आमचं ऐकणार कोण होतं? तोंडाला येईल ते बोलायचो."

पाहुणीनं पुन्हा लिहिलं. मी वाचत गेले. "पडद्यावर अक्षरं येतात, महाराज, मी निर्दोष आहे. पण तुम्ही रडत म्हणताय, माझी लेक तापानं फणफणलीय, मला घरी सोडा. हे कथेत होतं का?"

वाचून संपल्यावर मला ते वाक्य कळलं. मावशीचं लग्न कधी झालंच नव्हतं. कंपनीला नायिका बिनलग्नाचीच लागे. मी तिच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. त्या बहिणीचा घरात एक फोटोसुद्धा नाही. दीड वर्षाची असताना मी तापातून कशीबशी वाचले, हे मावशीनंच मला सांगितलेलं. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या बाईजवळ चाळीस वर्षं राहून मला एवढा साधा संशय कधी आला नाही. मला तिचा भयंकर राग आला.

मावशीनं तोंडावर हात धरला. हाताआडून म्हणाली, "लिही. म्हणावं, कथेतलंच होतं."

मी लिहिलं. पाहुणीनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटून उठली.

तिला पोचवून मी आत आले. घरात आता ओठ वाचणारं कुणी नव्हतं. मावशीचा हात मात्र तोंडावरच होता, आणि बोटं भिजली होती.