मोठ्या सरांचा अंगठा

अंगठा बाइंडरचा होता, पण नाव त्याला मोठ्या सरांचं लागलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या या बाइंडरला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना उजव्या हातातली ताकद बरोबर घेऊन गेला. मेंदूचे मोठे डॉक्टर म्हणून त्याला मोठ्या सरांकडे नेलं. सरांनी रबरी हातोडी डाव्या टाचेवर मारली, तर उजव्या हाताचा अंगठा टुणकन उभा राहिला. टाच कुठे, अंगठा कुठे, आणि मध्ये अख्खा माणूस! पण मधला माणूस सरांना दिसला नाही. त्यांनी अंगठ्यावर निबंध लिहिला, आजाराचं नवं चिन्ह म्हणून त्याला आपलं नाव दिलं, आणि तेव्हापासून मेंदूच्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात पहिल्या दिवशी बाइंडरला मंचावर बसवायचं, टाच ठोकायची, अंगठा उठवायचा आणि टाळ्या घ्यायच्या, असा पायंडाच पडला.

भानगड अशी झाली की बाइंडर बरा झाला.

हळूहळू झाला. आधी बटण लागलं, मग सुईत दोरा गेला, आणि एक दिवस बायकोने गंमत म्हणून लाटण्याने टाच ठोकली तर अंगठा हलेचना. छापखान्यात त्याला आजारपणापासून गठ्ठ्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं होतं. कागद कापायच्या मशीनवरचा माणूस आता काम सोडून चालला होता. मॅनेजर म्हणाले, "ती जागा तुमचीच. पण मालकांना फाईलला कागद लागतो. हात ठीक आहे असं तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. सोमवारपर्यंत. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल."

बाइंडर तीनदा सरांच्या दवाखान्यात जाऊन आला. तिन्ही वेळा सर म्हणाले, "बरं झाल्यासारखं तुम्हाला वाटतंय. वाटणं वेगळं, असणं वेगळं. अधिवेशन होऊ दे, मग बघू."

अधिवेशन शुक्रवारी सुरू झालं. नवरा-बायको सकाळीच सभागृहावर हजर. बांधणीच्या हत्यारांची पिशवी बायकोच्या खांद्याला होती. कागद हातात पडला की इथूनच छापखाना गाठायचा होता. मंचामागच्या खोलीत सरांनी टाच ठोकून पाहिली. एकदा, दोनदा, पाचदा. अंगठा आपला गप्प.

सर घामाघूम झाले. "यंदा माझं चिन्ह पाठ्यपुस्तकात घालायचं की नाही, ते ठरायचं आहे हो. आणि आजच असं?"

"अहो, बरा झालाय अंगठा," बायको म्हणाली. "पेढे मागायचे सोडून रडताय काय?"

"बरा झालेला नाही. अंगठा विसरलाय. त्याला जरा आठवण करून द्या." सर बाइंडरच्या कानाशी आले. "एकदाच. दुपारी तुमचा कागद सही करून देतो."

बाइंडरने बायकोकडे पाहिलं. धडधाकट असल्याचा कागद मिळवायला आजारी असल्याचं सोंग करायचं! पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यात इथे गाढवही शिकलेलं. तो हो म्हणाला.

मंचावर दिवे प्रखर होते. समोर दीड हजार डॉक्टर, निम्मे मोबाइलमध्ये, उरलेल्यांतले निम्मे पेंगत. सरांनी टाच ठोकली. बाइंडरने मनातल्या मनात 'एक' म्हटलं आणि अंगठा उचलला. टाळ्या झाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण पहिल्या रांगेतून एक उंच डॉक्टर उठले. त्यांना सगळे हातोडीवाले म्हणत, कारण ते जेवायलाही हातोडी खिशात घेऊन बसत. मोठ्या सरांशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ते तरातरा मंचावर आले आणि म्हणाले, "मी ठोकू का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी उजवी टाच ठोकली.

बाइंडरला डावी-उजवी कोण सांगणार? तो घाबरला होता. ठोकली की उचलायचा, एवढंच त्याला माहीत. त्याने उचलला.

सभागृहातले मोबाइल खाली आले. पेंगणारे जागे झाले.

"दोन्ही बाजूंनी!" हातोडीवाले ओरडले. "म्हणजे हे चिन्ह तुमचं नाहीच. हे नवीन आहे, आणि हे माझं!"

"डावी टाच नऊ वर्षं माझी आहे!"

"मग उजवी माझी!"

दोघांनी बाइंडरच्या टाचा अशा वाटून घेतल्या की जणू वाडवडिलांची जमीन. खोट्याची गाडी सुटली ती सुटलीच, आता ब्रेक आपणच मारायचा, असं मनाशी म्हणून बाइंडरने समोरचा माईक ओढला.

"साहेब, भांडू नका. अंगठा मीच उचलला. दोन्ही वेळा. मुद्दाम. मी बरा झालोय."

मग तिसऱ्या रांगेत एक चष्मेवाल्या बाई हळूच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे आनंदाने भरून आले होते.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "आजाराने अंगठा हलतो आणि पेशंटला वाटतं, मीच हलवला! आजार आहे हेच त्याला कळत नाही. तीन वर्षं मी हेच सांगतेय, आणि तुम्ही मला दुपारच्या जेवणानंतरची वेळ देता!"

सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना पडल्या.

बाइंडर मंचावरून उतरला तेव्हा त्याला दोन आजार जास्तीचे झाले होते. कागदाचं विचारलं तर सर म्हणाले, "आता कसा देऊ? आता तर तुम्ही फारच मोलाचे झालात."

"खरं बोललात ना, भोगा आता," बायको म्हणाली. "घरी कधी एवढं खरं बोलला नाहीत ते."

बाहेरच्या दालनात दोघं बाकावर बसली. इतक्यात समोरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हातातून पानं गळायला लागली. अधिवेशनाचं आठशे पानांचं पुस्तक घाईत नुसतं गोंदावर चिकटवलेलं. उघडलं की पानं सुटत होती. दालनभर कागद. डॉक्टर मंडळी वाकून वाकून एकमेकांचे निबंध गोळा करत होती, आणि कुणाचा मेंदू कुणाच्या मणक्यात गेला होता.

असली बांधणी बाइंडरला बघवेना. त्याने म्हाताऱ्या डॉक्टरांचं पुस्तक मागून घेतलं, पानं ठोकून सारखी केली, पिशवीतून दाभण काढलं, कडेने पाच भोकं पाडली आणि दोरा घालून गाठ मारली. पाच मिनिटांत पुस्तक दगडासारखं घट्ट. बघता बघता रांग लागली. हातोडीवाले आले, चष्मेवाल्या बाई आल्या. "हाताला फार ताण देऊ नका हं," असं प्रत्येकजण बजावत होता आणि आपलं पुस्तक पुढे करत होता.

तीनला दहा मिनिटं कमी असताना मोठे सर धावत आले. त्यांचं अध्यक्षीय भाषण त्याच पुस्तकात छापलेलं होतं आणि पानांचा पत्त्यांसारखा पिसारा झाला होता.

"लवकर शिवा. तीनला उभं राहायचंय!"

बाइंडरने पानं लावली, दाभण उचललं आणि थांबला.

"सर, मला धीर होत नाही. दोन्ही बाजूंनी आजार असलेला हात. एखादं पान उलटं बसलं तर तुम्ही आभार आधी मानाल आणि 'बंधुभगिनींनो' नंतर म्हणाल."

"अहो, इथे बसून एवढ्या सगळ्यांची पुस्तकं शिवलीत!"

"मला तसं वाटलं, सर. वाटणं वेगळं."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बायको तोंडाला पदर लावून छताकडे बघत राहिली. आतून सूत्रसंचालक सरांच्या पदव्या वाचू लागला होता. पदव्या बऱ्याच होत्या, पण कधीतरी संपणारच होत्या. सरांनी खिशातून आपलं छापील नावाचं पॅड काढलं. 'यांचा उजवा हात पूर्ण तंदुरुस्त असून ते कोणत्याही यंत्रावर काम करू शकतात,' असं लिहिलं आणि सही ठोकली. मग काहीतरी आठवून सहीच्या खाली घाईघाईने एक ओळ खरडली: 'टीप: पुढील वार्षिक अधिवेशनापर्यंतच ग्राह्य.' कागद हातात पडला तसा बाइंडरने भोकं पाडून, दोरा घालून गाठ मारली.

"पुढच्या वर्षी यायचं बरं का," सर म्हणाले, आणि शिवलेलं पुस्तक छातीशी धरून आत पळाले.

बायकोने टीप वाचली. "म्हणजे वर्षभराने परत आजारी?"

बाइंडरने कागद बाकावर ठेवला, सहीच्या खाली पोलादी पट्टी दाबली आणि धारदार पात्याने एकच रेघ ओढली. टीप सुटून खाली पडली.

छापखान्यात पोचेतो साडेचार वाजले होते. मॅनेजरनी कागद घेतला. मजकूर वाचला की नाही कोण जाणे, सहीवरून तर नजर नुसती घसरली. मग ते खालच्या सरळसोट कडेवरून बोट फिरवत राहिले. एकदा, पुन्हा एकदा.

"कापला कुणी हा?"

"मीच. हातानेच."

मॅनेजरनी कागद फाईलला लावला. "सोमवारी सातला या," ते म्हणाले. "आणि जरा लवकरच या. मशीनला तेलपाणी करावं लागेल."