फेब्रुवारीपासूनचे आठ दौरे

फेब्रुवारीतल्या एका दुपारी डॉरीन हॅस्केटला टेनिस कोर्टाची मागची रेघ मधोमध वाकलेली दिसली. थंडीने जमीन फुगली असेल, असं समजून ती तिथवर चालत गेली आणि बुटाची कड रेघेला लावून पाहिली. रेघ सरळ होती. तिने उजवा डोळा तळहाताने झाकला, तशी ती पुन्हा वाकली.

तिच्या आईचं आंधळेपण असंच सुरू झालं होतं.

पश्चिम कॅन्ससमधल्या त्या लहानशा कॉलेजात मुलींच्या टेनिस संघाची ती एकतीस वर्षं कोच होती. आली तेव्हा तिथे धड जाळीही नव्हती. मुलींचे कपडे धुवायला यंत्र मिळावं म्हणून ती दोन वर्षं फुटबॉलवाल्यांशी भांडली होती. बर्फ असो, ताप असो, एखाद्या सामन्याला तिचा संघ पोहोचला नाही असं झालं नव्हतं, आणि हे ती दर वर्षी नव्या मुलींना ऐकवायची. दोन वर्षांपूर्वी मदतनीस कोचची जागा रद्द झाली. तेव्हापासून संघाची व्हॅनही तीच चालवायची.

गावात बभ्रा नको म्हणून ती तीन तासांवर विचिटाला डॉक्टरकडे गेली. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपतंय, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, दुसऱ्या डोळ्याचाही भरवसा नाही, असं त्याने सांगितलं. आजपासून गाडी बंद, हेही सांगितलं. तिने मान डोलावली, आणि स्वतःच गाडी चालवत घरी आली.

सरावात ती चेंडू आत की बाहेर हे आता मुलींनाच ठरवायला लावू लागली. "तुमची नजर तयार व्हायला हवी," म्हणाली. मुलींना ते पटलं. फक्त कप्तान टेसा ब्रँडव्होल्ड, गव्हाच्या शेतावर वाढलेली अबोल पोरगी, अधूनमधून तिच्याकडे टक लावून बघायची.

एप्रिलमध्ये नेब्रास्कातल्या सामन्याला निघायच्या दिवशी सकाळी डॉरीनला भिंतीवरच्या घड्याळातला सहाचा आकडा दिसेना. तिने डावा डोळा मिटला. तरी दिसेना. तिने किल्ल्या उचलल्या.

टेसा न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसली. वारा सुटला होता. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी नजरेच्या कोपऱ्यात धरून डॉरीन गाडी हाकत होती. समोर मधोमध राखाडी डाग होता. मागच्या सीटवरून कुणीतरी गुणगुणत होतं.

"कोच, पुढे ट्रॅक्टर आहे," टेसा हळूच म्हणाली.

"दिसतोय."

व्हॅनचा वेग कमी झाला नाही. टेसाने स्टीअरिंगला हात घालून ते ओढलं. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राचा लोखंडी पंख खिडकीला घासून गेला, बाजूचा आरसा फुटून उडाला आणि व्हॅन गवतात जाऊन थांबली. मागून मारिसोलने, संघातल्या सगळ्यात लहान मुलीने, कानातले इयरफोन काढत विचारलं, पोहोचलो का म्हणून.

"तुम्हाला तो दिसलाच नाही ना?" टेसा म्हणाली.

"नाही."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

टेसाने बोटांवर मोजलं. "म्हणजे आठ दौरे झाले. सलायनाहून धुक्यात आलो, तेव्हाही?"

"हो."

"मी झोपले होते तेव्हा," टेसा म्हणाली आणि किल्ली काढून घेतली.

डॉरीनने क्रीडा संचालकाला फोन केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. तो बस घेऊन येईपर्यंत दोन तास गेले. सामना न खेळताच हातचा गेला. मुली कुंपणाच्या तारेपाशी घोळका करून उभ्या होत्या. डॉरीन पलीकडे एकटी. मारिसोलने आईला फोन लावला. पलीकडून येणारा चढा आवाज वाऱ्यातूनही ऐकू येत होता. बोलणं स्पॅनिश होतं. डॉरीनला त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळलं.

मे महिन्यात तिने राजीनामा दिला. निरोपाला तीस वर्षांतल्या जुन्या मुली लांबलांबून आल्या, काही स्वतःच्या लेकींना घेऊन. तिच्या गळ्यात पडून रडल्या. तिने त्यांना गाडीची गोष्ट सांगितली नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्या वर्षीच्या आठजणींपैकी कुणी बोलायला आलं नाही. माणूस बोलल्याशिवाय आता तिला ओळखू येत नव्हतं. संध्याकाळभरात दोनदा कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं, तिच्याकडे तोंड करून थांबलं, आणि काही न बोलता निघून गेलं.