जावयाची शिफारस

नवा अध्यक्ष आला त्या वसंतात आमच्या दारात घोडे बांधायला जागा उरली नव्हती. माझे वडील एलिफॅलेट क्रेन ओहायोतून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेलेले, आणि अध्यक्ष बदलला की सरकारी जागा अशा लोकांच्या शिफारशीवर नव्याने वाटल्या जात. कुणाला टपालाची जागा हवी, कुणाला जकातीची. वडिलांना मात्र एकच हवी होती: पश्चिमेकडे, इलिनॉयच्या नव्या मुलखातली न्यायाधीशाची, माझ्या नवऱ्यासाठी.

माझा नवरा रूफस वकील होता. सकाळी व्हिस्की, दुपारी झोप, संध्याकाळी माझ्यावर हात.

वडिलांनी शिफारसपत्रात लिहिलं, ‘निर्व्यसनी, कायद्याचा गाढा अभ्यासक, शांत स्वभावाचा’ आणि गावातल्या मातब्बरांना सह्यांसाठी जेवायला बोलावलं. मी वाढत होते. पाद्रीबाबांनी सही केली, कर्नलने केली. मग गिरणीवाला ओबाडाया टटल पुढे सरकला. याच्याच खटल्यात रूफस पिऊन उभा राहिला होता आणि याचं नदीकाठचं शेत गेलं होतं.

“ओबाडायाभाऊ, तुम्हीसुद्धा?” मी ताट आदळलं.

“काय करू बाई? धाकट्याला टपालाची जागा हवीय. साहेबांनी शब्द दिलाय.”

“आणि तिकडच्या लोकांची शेतं गेली तर?”

“तिकडचे लोक माझे कोण लागतात?”

रूफस खदखदून हसला. “आमच्या हिलापण सही करायचीय वाटतं!”

माझा ओठ अजून सुजलेला होता. “करते की. आणा लेखणी. शांत स्वभावाचा म्हणजे कसा, ते लिहूनच देते.”

पाद्रीबाबा मीठ शोधायला लागले.

वडिलांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. “अगं, तुझ्यासाठीच करतोय ना? इथे राहिला तर आपल्या घराची अब्रू जाईल. तिकडे मान मिळाला की सुधारेल.”

“आणि मी मेले तर बातमी उशिरा पोचेल, असंच ना?”

“तोंड सांभाळ.”

“मी नाही जाणार. आपल्या घरातली घाण तुम्ही लोकांच्या दारात टाकताय, बाबा.”

नेमणूक झाली. रूफस एकटाच गेला. मी मेरिएटा गावी मावशीकडे जाऊन शिवणकाम करू लागले.

पुढच्या हिवाळ्यात तिकडून एक विधवा आमच्या शेजारी राहणाऱ्या तिच्या भावाकडे आली. एकही साक्षीदार न ऐकता न्यायाधीशाने तिचं घर जमिनीच्या दलालाला देऊन टाकलं होतं. “कुणी बसवला गं असला माणूस खुर्चीवर?” ती मला विचारत राहिली. न्यायाधीशाचं नाव तिने सांगितलं: रूफसचंच.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून मी वडिलांच्या घरी नेलं. ते पाहुण्यांबरोबर जेवत होते.

“सांगा बाबा हिला, कुणी बसवला ते.”

“बसा बाई,” वडील तिला म्हणाले, “थोडं खाऊन घ्या.” आणि शांतपणे मांस कापायला लागले.

मी मेजावरचं कापड धरून ओढलं. काचा, रस्सा, मेणबत्त्या, सगळं जमिनीवर. पाहुणे उठून उभे राहिले. ती बाई मात्र वडिलांकडे बघत म्हणाली, “बरं झालं, तोंड तरी पाहिलं.”

वडील पुढच्या निवडणुकीतही निवडून आले. रूफस अजून त्याच खुर्चीवर आहे.